उन्हाळ्याची अखेर आणि शेतकरी कुटुंब : ग्वाल्हेर परिसरातील ज्येष्ठ महिना

नैर्ऋत्य मोसमी पाऊस कोकणात साधारणपणे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पोचतो आणि महिन्याच्या मध्यानंतर महाराष्ट्राचा बहुतेक भाग व्यापतो. तोच पाऊस ग्वाल्हेरला पोचावयास जूनचा शेवटचा आठवडा उजाडतो. त्यामुळे त्या परिसरातील शेतकऱ्याचा उन्हाळा आपल्याकडील उन्हाळ्याहून दोन ते तीन आठवड्यांनी लांबतो. आपला शेतकरी मृगाची वाट पाहतो, तेथील शेतकरी आर्द्रेची. मार्च-एप्रिलमध्ये गहू, मोहरी व हरभरा घरी आलेला असतो आणि खरिपाची पेरणी अद्याप दूर असते. वरवर पाहणाऱ्यास हा काळ विश्रांतीचा वाटतो. प्रत्यक्षात पुढील वर्षाच्या शेतीचे कित्येक निर्णय याच दिवसांत होतात आणि ते शेताइतकेच घरात व गोठ्यात होतात. लहान शेतकऱ्याचे कुटुंब हा काळ कसा घालविते, यावर त्याची पुढील वर्षाची स्थिती पुष्कळ अंशी अवलंबून असते.

ग्वाल्हेर हे नाव मराठी वाचकास परके नाही. दौलतराव शिंदे यांनी १८१० साली आपली छावणी येथे स्थिर केली व तिच्याभोवती वाढलेल्या वस्तीस ‘लष्कर’ हे नाव पडले. शिंद्यांच्या चाकरीनिमित्त गेलेली अनेक मराठी कुटुंबे तेथेच स्थायिक झाली. १९४८ मध्ये ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात विलीन झाले, १९५१ च्या कायद्याने तेथील जमीनदारी नष्ट झाली आणि १९५६ पासून हा प्रदेश मध्य प्रदेश राज्यात आहे. आज तेथील शेती मुख्यतः लहान कुटुंबांच्या हाती आहे. देशातही हेच चित्र आहे. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार भारतातील सुमारे ८६ टक्के वहिती खाती दोन हेक्टरांपेक्षा लहान असून सरासरी धारणक्षेत्र १.०८ हेक्टर आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१४ हे कुटुंबशेतीचे वर्ष आणि २०१९ ते २०२८ हे कुटुंबशेतीचे दशक म्हणून जाहीर केले, त्यामागे अशाच कुटुंबांचा विचार होता.

जमीन, पाणी व पिके

ग्वाल्हेर भागात जमीन बिघ्यांत मोजतात. सुमारे पाच बिघ्यांचा एक हेक्टर होतो. वार्षिक पर्जन्यमान सरासरी ८०० मिलिमीटरच्या आसपास आहे आणि त्यातील बहुतेक पाऊस जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत पडतो. बाजरी, तीळ, तूर व उडीद ही खरिपाची, तर गहू, मोहरी व हरभरा ही रब्बीची प्रमुख पिके होत. भिंड, मुरैना व ग्वाल्हेर हे जिल्हे मोहरीसाठी प्रसिद्ध आहेत. ज्या जमिनीस ओलिताची सोय नाही, ती पुष्कळ शेतकरी खरिपात पड ठेवतात, पावसाचे पाणी तीत मुरवितात आणि त्या ओलाव्यावर ऑक्टोबरात मोहरी पेरतात.

विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे इसवी सन १८९९-१९०० चा ‘छप्पनिया’ दुष्काळ उत्तरेकडील लोकांच्या स्मरणात दीर्घकाळ राहिला. त्यानंतरच्या काळात संस्थानात तलाव व धरणांच्या कामांस चालना मिळाली. ग्वाल्हेर शहरास पाणी पुरविणारे सांक नदीवरील तिघरा धरण त्याच काळातील होय. सर विश्वेश्वरय्या यांनी १९०३ साली पुण्याजवळ खडकवासल्यास बसविलेली स्वयंचलित दारे पुढे तिघरा येथेही बसविण्यात आली, हा महाराष्ट्राशी असलेला आणखी एक दुवा. भितरवार तालुक्यात पार्वती नदीवर १९३५ साली पूर्ण झालेल्या हरसी धरणाच्या कालव्यामुळे डबरा-भितरवार भागात भात पिकतो. या भागातील कुटुंबे जूनमध्ये भाताची रोपे तयार करण्यात गुंतलेली असतात. कोरडवाहू गावांत मात्र विहिरींनी तळ गाठलेला असतो आणि दिवसाचे काम पाण्याच्या वेळेवर बेतावे लागते.

उन्हाशी जुळवून घेतलेला दिनक्रम

मेच्या अखेरीस तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. पश्चिमेकडून येणाऱ्या कोरड्या उष्ण वाऱ्यास ‘लू’ म्हणतात. सूर्य रोहिणी नक्षत्रात गेल्यानंतरचे, म्हणजे २५ मेपासूनचे पहिले नऊ दिवस ‘नौतपा’ म्हणून ओळखले जातात. हे दिवस जितके तापतील तितका पाऊस चांगला, अशी तेथील समजूत आहे. ती शेतकऱ्यास धीर देते, परंतु पेरणीचा निर्णय नक्षत्रावर न सोडता जमिनीतील ओलाव्यावरच घ्यावा लागतो.

अशा उन्हात दिवसाचे दोन तुकडे पडतात. पहाटे चारच्या सुमारास घर जागे होते. धार, शेणगोठा, पाणी भरणे व शेतातील जड कामे सकाळी नऊ-दहापूर्वी आटोपतात. दुपारी बारा ते चार या वेळात माणसे व जनावरे सावलीत असतात. ग्वाल्हेर भागात वालुकाश्म मुबलक असल्याने अनेक घरांची छपरे दगडी पट्ट्यांची असतात. जाड भिंतींच्या आतील खोल्या दुपारी बऱ्यापैकी थंड राहतात, पण दिवसभर तापलेला दगड रात्री उष्णता सोडतो. म्हणून रात्री खाटा अंगणात किंवा कडुनिंबाखाली टाकल्या जातात. जमिनीवर निजण्यापेक्षा खाट बरी, कारण उष्णतेने बाहेर पडलेले साप-विंचू रात्री फिरतात. संध्याकाळी पाचनंतर दुसऱ्यांदा कामास आरंभ होतो व तो अंधार पडेपर्यंत चालतो.

आहारही ऋतूस अनुसरून असतो. ताक, कैरीचे पन्हे, कांदा आणि भाजलेल्या हरभऱ्याचे व जवाचे सातू पाण्यात कालवून घेणे या गोष्टी घरोघर आढळतात. नदीपात्रातील वाळूत पिकविलेली खरबुजे, कलिंगडे व काकड्या याच दिवसांत बाजारात येतात. शेतात काम करणाऱ्याने तहान लागण्याची वाट न पाहता पाणी पिणे व डोके झाकणे हा साधा नियम तेथील वृद्ध माणसे कटाक्षाने पाळतात. अंग तापलेले, बोलणे असंबद्ध आणि शुद्ध हरपू लागलेली, अशी लक्षणे दिसताच तो उष्माघात समजून रुग्णास सावलीत न्यावे, अंगावर ओले कापड फिरवावे, वारा घालावा आणि विनाविलंब दवाखान्यात हलवावे. शुद्धीवर नसलेल्या माणसास पाणी पाजू नये.

रिकाम्या शेतातील कामे

या दिवसांतील पहिले महत्त्वाचे काम खोल नांगरटीचे. जमीन तापलेली असताना उलथून टाकल्यास जमिनीत दडलेले किडींचे कोष व अंडी उघडी पडतात व उन्हाने किंवा पक्ष्यांच्या चोचीने नष्ट होतात. हरळी-लव्हाळ्यासारख्या तणांच्या काशा वर येऊन वाळतात. याहून मोठा लाभ पाण्याचा. ढेकळे असलेल्या जमिनीत पहिला जोरदार पाऊस मुरतो, कठीण पृष्ठभागावरून तो वाहून जातो. जूनमध्ये केलेल्या नांगरटीचे फळ अशा रीतीने ऑक्टोबरातील मोहरीच्या उगवणीत दिसते. उतार असेल तेथे नांगराची तासे उतारास आडवी असली पाहिजेत. चंबळच्या खोऱ्यात मोकाट वाहणाऱ्या पाण्याने पोखरून तयार झालेले बीहड हे या नियमाकडे दुर्लक्ष झाल्यास काय घडू शकते, याचे जिवंत उदाहरण आहे. फुटलेले बांध जूनपूर्वी सांधण्याची घाई त्यासाठीच असते.

दुसरा प्रश्न गव्हाच्या धसकटांचा. त्यांना तेथे ‘नरवाई’ म्हणतात. मजुरांकरवी कापणी होत असे तेव्हा धांडे बुडापासून कापले जात. कापणी-मळणी यंत्र वरचेवर कणसे घेते व उंच धसकटे शेतात उभी राहतात. ती काडी लावून जाळणे सोपे वाटते, परंतु त्यात सेंद्रिय द्रव्य व नत्र जळते, जमिनीच्या वरच्या थरातील उपयुक्त जीवजंतू मरतात आणि लूच्या वाऱ्यात ठिणगी उडून शेजारचे खळे, कुंपण किंवा गोठाही पेटतो. मध्य प्रदेशात नरवाई जाळण्यास बंदी आहे. भुसा तयार करणारे यंत्र धसकटांवरून फिरविले, तर त्याच शेतातून जनावरांसाठी चारा मिळतो. ज्या कुटुंबाकडे दोन म्हशी आहेत त्याला हा भुसा जाळण्याजोगा मुळीच नाही. उन्हाळ्याअखेर त्याचे मोल चांगलेच कळून येते.

तिसरे काम खताचे. वर्षभर साठलेले शेणखत पावसापूर्वी गाडीने शेतात नेतात. ढीग पसरून दिवसेंदिवस उन्हात ठेवल्यास त्यातील नत्र हवेत उडून जाते. म्हणून खत पसरल्यावर लगेच वखराने मातीत मिसळावे.

शेण चुलीस की शेतास ?

खताचा विचार करताना गोवऱ्यांचा विचार टाळता येत नाही. ग्वाल्हेर भागातील प्रत्येक गावात शंकूसारखे किंवा छोट्या झोपडीसारखे रचलेले गोवऱ्यांचे ढीग दिसतात. त्यांना ‘बिटौरा’ म्हणतात. आपल्याकडील हुडवीचाच हा भाऊबंद. उन्हाळाभर स्त्रिया गोवऱ्या थापतात, वाळवितात आणि ज्येष्ठ संपण्यापूर्वी बिटौरा रचून तो शेण-मातीने लिंपतात व गवताने शाकारतात. चार महिन्यांच्या पावसात चूल पेटती राहील की नाही, हे त्या रचनेवर ठरते.

या कामात कौशल्य आहे, यात शंका नाही. परंतु शेण जाळल्यास त्यातील नत्र व सेंद्रिय द्रव्य नाहीसे होऊन केवळ राख उरते. गोवर गॅस संयंत्राने इंधन व खत दोन्ही मिळतात. दोन घनमीटर क्षमतेच्या संयंत्रास दररोज सुमारे ५० किलो शेण लागते, म्हणजे साधारण तीन-चार मोठी जनावरे हवीत. जनावरे कमी असलेल्या कुटुंबाने निदान काही शेण खड्ड्यासाठी राखून ठेवावे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे स्वयंपाकाचा गॅस अनेक खेड्यांत पोचला. तरीही सिलिंडर पुन्हा भरण्यासाठी लागणारी रक्कम प्रत्येक वेळी हाताशी असतेच असे नाही आणि फुकट मिळणारे शेण रोज हाताशी असते. हा हिशेब समजून घेतल्यावाचून गोवऱ्या थापू नका, असा उपदेश करणे निष्फळ होय.

गोठ्यातील चिंता

म्हैस हा या कुटुंबाचा रोख उत्पन्नाचा आधार आहे. आग्रा, इटावा, भिंड, मुरैना व ग्वाल्हेर या पट्ट्यात भदावरी नावाची तांबूस रंगाची म्हैस आढळते. तिचे दूध मुऱ्हा म्हशीपेक्षा कमी, परंतु त्यातील स्निग्धांश ८ टक्क्यांच्या आसपास व काही म्हशींत त्याहूनही पुष्कळ अधिक असतो. तुपासाठी ती नावाजलेली असून साध्या चाऱ्यावरही तग धरते.

म्हशीच्या कातडीत घामाच्या ग्रंथी कमी असतात व रंग गडद असल्याने ऊन अधिक शोषले जाते. तळे आटले की तिच्या अंगावर दिवसातून दोन-तीन वेळा पाणी ओतावे लागते. पिण्याचे पाणी सावलीत ठेवावे व वैरण सकाळी लवकर आणि रात्री घालावी. नुसत्या गव्हाच्या भुशात प्रथिने फार थोडी असतात. त्यात मोहरीची पेंड, थोडे मीठ व क्षार मिश्रण घातले नाही, तर जनावर आटते व पुढील गाभण राहणेही लांबते.

उन्हाळाअखेरीचे सर्वांत निकडीचे काम लसीकरणाचे आहे. घटसर्प व फऱ्या हे रोग पहिल्या पावसानंतर उद्भवतात. लस टोचल्यावर शरीरात प्रतिकारशक्ती निर्माण होण्यास दोन-तीन आठवडे लागत असल्याने पाऊस पडल्यावर धावपळ करून उपयोग नसतो. एक म्हैस दगावणे ही लहान कुटुंबास वर्षभराची आपत्ती ठरते.

कणगीतील धान्य व पेरणीचे बियाणे

एप्रिलमध्ये आलेले धान्य किती विकावे व किती ठेवावे, हा कुटुंबापुढील कठीण प्रश्न असतो. कर्जफेड, लग्नकार्ये व खरिपाचा खर्च एकाच वेळी पुढ्यात येतात. घाईने सारे विकले, तर श्रावण-भाद्रपदात तेच धान्य चढ्या भावाने विकत घ्यावे लागते. म्हणून जाणती घरे खाण्याचे, बियाण्याचे व विक्रीचे धान्य आरंभीच वेगळे करतात.

ठेवलेले धान्य पावसाळ्यात टिकावयाचे तर ज्येष्ठाच्या उन्हाचा उपयोग करून घेतला पाहिजे. छतावर किंवा सारवलेल्या खळ्यावर गहू पातळ पसरून दोन-तीन दिवस वाळविल्यास दाण्यातील ओलावा १० टक्क्यांपर्यंत उतरतो. दाताखाली दाणा कटकन फुटला म्हणजे तो वाळला, ही जुनी परीक्षा आजही उपयोगी आहे. गरम धान्य मात्र लगेच कोठीत भरू नये. ते निवल्याशिवाय भरल्यास आत बाष्प धरते व तेथूनच सोंड्यांची व बुरशीची सुरुवात होते. मातीच्या कणगीच्या भेगा लिंपाव्यात, पत्र्याची कोठी उन्हात तापवून घ्यावी आणि पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर दूर रचावीत. वाळलेला कडुनिंबाचा पाला घालण्याची रीत ग्वाल्हेर व महाराष्ट्र या दोन्ही ठिकाणी आहे.

येथे एक इशारा आवश्यक आहे. धान्यातील किडीसाठी बाजारात मिळणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून फॉस्फिन हा अत्यंत विषारी वायू निघतो. राहत्या घरात या गोळ्या वापरल्याने बंद खोलीत झोपलेली माणसे, विशेषतः मुले, प्राणास मुकल्याच्या घटना देशात वारंवार घडल्या आहेत. या गोळ्या घरात आणूच नयेत. वाळवणी नीट झाली, तर त्यांची गरजही पडत नाही.

बियाण्याची परीक्षा याच दिवसांत करावी. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे रांगेत मांडून गुंडाळी करावी, ती सावलीत ओलसर ठेवावी व पिकानुसार चार ते आठ दिवसांनी कोंब मोजावेत. उडीद व बाजरीचे निदान ७५, तर तिळाचे ८० दाणे उगवले पाहिजेत. संकरित बाजरीचे बियाणे दरवर्षी नवे घ्यावे लागते. बाजरीवरील अरगट रोग टाळण्यासाठी, प्रक्रिया न केलेले बियाणे दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवून त्यात टाकावे, वर तरंगणारे हलके दाणे काढून जाळावेत आणि तळाचे दाणे स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवावेत. एवढ्या श्रमाने दुबार पेरणीचा मोठा खर्च टळू शकतो.

घरातील श्रमांचा हिशेब

वर सांगितलेल्या कामांची यादी पाहिली असता एक गोष्ट ठळकपणे लक्षात येते. नांगरट व खताची वाहतूक सोडल्यास बहुतेक कामे स्त्रियांच्या हातची आहेत. धान्य वाळविणे, बियाणे राखणे, म्हशींची निगा, गोवऱ्या, पाणी, लोणची व वड्या, घर सारवणे ही सर्व कामे शेतीची व घराची असूनही मजुरीच्या हिशेबात येत नाहीत. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातील केवळ १४ टक्क्यांच्या आसपास वहिती खाती स्त्रियांच्या नावे आढळली. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीस मुलाइतकाच हक्क दिला आहे. महाराष्ट्रात पत्नीचे नाव सात-बारा उताऱ्यावर लावण्यासाठी लक्ष्मीमुक्ती योजना आहे. बियाणे राखणारी स्त्री जमिनीच्या कागदावर नसेल, तर कर्ज, पीकविमा व नुकसानभरपाई यांच्या दारी तिला उभे राहता येत नाही. पती निवर्तल्यानंतर ही उणीव विशेष जाणवते.

या कष्टांत सणांचा विसावाही आहे. उत्तरेत महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो, त्यामुळे तेथील ज्येष्ठ आपल्या ज्येष्ठापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो. तेथील स्त्रिया वटसावित्रीचे व्रत ज्येष्ठ अमावास्येस करतात, तर आपल्याकडे ते ज्येष्ठ पौर्णिमेस होते. ग्वाल्हेरमध्ये मराठी व हिंदी भाषक घरे शेजारी असल्याने एकाच वडाची पूजा पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा होताना दिसते.

पहिल्या पावसापूर्वी

जूनच्या मध्यास धुळीची वादळे व वळवाच्या सरी सुरू होतात. त्यांबरोबर विजा येतात. मध्य प्रदेशात व महाराष्ट्रात दरवर्षी विजेने अनेक शेतकरी व गुराखी मृत्युमुखी पडतात. गडगडाट ऐकू येताच झाडाखाली न थांबता पक्क्या घराचा आसरा घ्यावा. एका वळिवावर पेरणी करण्याचा मोहही टाळावा. सुमारे ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमीन पुरेशी ओली झाल्याशिवाय चाड्यावर मूठ धरू नये.

ग्वाल्हेरच्या शेतकऱ्यास या सर्व तयारीसाठी जूनचा बहुतेक महिना मिळतो. महाराष्ट्रातील शेतकऱ्यास ती मेअखेर पुरी करावी लागते. म्हणून ग्रामसेवक, कृषी सहायक व पशुवैद्यकीय कर्मचारी यांनी आपले कार्यक्रम त्यापूर्वी आखले पाहिजेत. लसीकरणाची तारीख व बियाणे तपासणीचा दिवस गावास आधी कळावा आणि तो सकाळी लवकरचा किंवा संध्याकाळचा असावा. सभेस स्त्रियांना आवर्जून बोलवावे, कारण धान्य व गोठा त्यांच्याच देखरेखीखाली असतो. शिक्षकांनी सुट्टीपूर्वी मुलांना उगवण परीक्षा शिकविल्यास ती घरोघर पोचेल. शंभर दाणे, एक गोणपाट आणि तांब्याभर पाणी एवढेच साहित्य तिला लागते. हे काम पेरणीपूर्वी झाले तरच त्याचा उपयोग आहे. निकस बियाणे जमिनीत पडल्यानंतर ते कळून काहीच हाती राहत नाही.